मनुबाईच्या मानेतली वीज

"हात सैल सोड गं पोरी. नवऱ्याच्या हातात देताना सोडशीलच की, मग माझ्या हातात का आवळून धरतीस?"

औंधातल्या लेकीसुनांनी हे वाक्य ऐकलं नाही असं घर नसेल. पोरगी लाजून हसायची, आणि हसली की हात आपसूक सैल पडायचा. मनुबाई कासारणीला तेवढंच हवं असायचं. अंगठा तळव्यात दुमडून, चारी बोटांची जुडी करून तिनं काचेची बांगडी मनगटात कधी सरकवली ते त्या पोरीलासुद्धा कळायचं नाही. नुसतं हातावर बोटं फिरवून ती माप सांगायची. आणि बांगडी फुटायची नाही. लग्नचुडा भरताना नवरीच्या हातात बांगडी फुटणं म्हणजे अपशकुन, त्यामुळं आसपासच्या गावांतूनही लग्नघरची बोलावणी यायची ती मनुबाईलाच. तिचा नवरा नानासो दुकानात बसून बांगड्यांच्या माळा ओवायचा आणि म्हणायचा, "दुकान माझ्या नावाचं हाय खरं, पर चालतंय तिच्या बोटांवर."

चीनच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात ही बोटं बिघडायला लागली.

आधी नुसती बधिर झाली. "मेण चढल्यावाणी वाटतंय," ती म्हणायची. मग चोळीची गाठ बसेना. वर्ष भरता भरता पाय जड झाले. यमाईचा डोंगर पोरीच्या वयापासून धावत चढणारी बाई, आता पायरीवर पाय कुठं पडतोय ते खाली बघून ठरवायला लागली. आणि एका लग्नघरी, अख्ख्या मांडवासमोर, नवरीच्या हातात तिच्याकडून बांगडी फुटली. तिनं दुसरी घेतली. तीही फुटली. वाजंत्री थांबली नव्हती, पण मांडवातल्या बायका थांबल्या. नवरीच्या आईनं नुसतं एवढंच म्हटलं, "ऱ्हाऊ द्या मनुबाई. बाकीच्या आमी भरून घिऊ."

त्यापुढच्या मंगळवारी मनुबाई गावातल्या देवळात गेली. मागं सासू बयाबाई होती. उंबऱ्यावर डोकं टेकायला मनुबाईनं मान खाली घातली मात्र, मानेच्या खोबणीतून एक झणका निघाला, पाठीतून सरसरत थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेला. तिचं अंग थडथडलं, हात उडाले, गुडघे मुडपले. तोंडातून शब्द नाही, नुसता हुंकार.

"आली!" बयाबाई ओरडली. "आगं आई आली! माझ्या सुनंच्या अंगात यमाई आली!"

"आई राजा उदो उदो!" देवळातल्या बायकांनी गजर केला. कुणी भंडारा उधळला, कुणी मळवट भरला. मनुबाई डोळे विस्फारून बघत राहिली. तिला वाटलं, खरंच आली असेल. नाहीतर हे काय होतं?

यातून एक मोठी सोय झाली. फुटलेल्या बांगड्यांचा जाबच कुणी विचारेना. "हातात देवी बसलीया, काच कशी टिकंल?" बायका एकमेकींना सांगायला लागल्या. ज्या मनुबाईला मांडवातून उठवलं होतं, तिच्या पायावर आता डोकी टेकायला लागली. सगळ्यांत जास्त उजळली ती बयाबाई. ऐन तरुणपणी विधवा झालेली बाई, हळदीकुंकवाला कधी कुणी बोलावलं नाही, लग्नात मागच्या रांगेत बसायची. आता मंगळवारी तिच्याच ओसरीवर अर्धं गाव बसायचं, आणि कुणी आधी कौल लावायचा ते ती ठरवायची.

"मने, वाक गं. मान खाली घे. हां. आता घुम."

मनुबाई मान खाली घ्यायची. झणका यायचा. मग केस सोडून मान गरागरा फिरवायची. बायका विचारायच्या, म्हैस सापडंल का, पोरगं पास हुईल का. ती काहीतरी सांगायची. नंतर घटकाभर तिला उठता यायचं नाही.

आपल्या अंगात काय येतंय याची शंका पहिल्यांदा तिलाच आली, आणि ती आली गिरणीत. गावात वीज नवी होती. धोंडिरामनं पिठाच्या गिरणीला विजेची मोटर बसवली होती. दळण घेताना मनुबाईचा ओला हात भिंतीवरच्या बटणाला लागला, आणि झटका बसून ती मागं फेकली गेली. धोंडिराम धावत आला. मनुबाई पिठात बसून त्याच्याकडं बघत म्हणाली, "आरं, ह्यो तर माझ्या वळखीचा हाय!"

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं.

"आवं, देवी येती ती अन् गिरणीतली वीज, दोनीबी एकच हायत."

नानासो माळ ओवत होता. "मग धोंडिरामाला बी पाट मांडून बशीवला पायजे. त्यो दिसभर झटकं खातुय."

"चेष्टा करू नगासा. कालच्याला शेण उचलाया वाकले, तवाबी आली. चुलीत फुकाया वाकले, तवाबी आली. देवी शेणात येती व्हय?"

नानासोनं माळ खाली ठेवली. "हात कसं हायती?"

"हात न्हाईतच. लाकडं हायती."

पण हे बोलायचं कुणापुढं? देवी नाही म्हटलं तर उरतं काय? बांगड्या फोडणारी कासारीण.

अशात एक दिवस सरकारी दवाखान्यातली नर्स लीलाबाई बांगड्या भरायला आली. मूळची परगावची, बौद्ध घरातली. भावाचं लग्न होतं. ओसरीवर बसलेल्या दोघीतिघी जरा सरकून बसल्या. जागा द्यायला नव्हे, लांब व्हायला. मनुबाईनं सतरंजीवर हात आपटला. "हितं बसा बाई, जवळ. बांगड्या काय लांबनं भरत्यात?"

तिनं लीलाबाईचा हात हातात घेतला. दाबला. पुन्हा दाबला. लीलाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती.

"मनुबाई, डोळं मिटा बघू."

"का वो?"

"मिटा तर. आता सांगा, मी तुमचं कुठलं बोट धरलंय?"

मनुबाईनं भुवया आवळून मनात बोटं मोजली. मग म्हणाली, "धरलंय व्हय?"

कुणीतरी फिसकन हसलं. लीलाबाई हसली नाही. "मान खाली घाला जरा. हळू." मनुबाईनं घातली. अंग थडथडलं. ओसरीवरच्या बायकांनी हात जोडले, "उदो उदो!" लीलाबाईनं मात्र पटकन पुढं होऊन तिची मान दोन्ही तळव्यांत धरली आणि अलगद सरळ केली.

"ह्ये कवापास्नं हाय?"

आतून बयाबाई आली. "तिला हात लावू नगंस. देवी हाय ती."

"मावशी, आमच्या घरानं देव्हारा उतरवलाय," लीलाबाई शांतपणे म्हणाली. "मी काय देवीला हात जोडलं न्हाईत, कौल मागितला न्हाई. माझ्यापुढं ती कशाला येईल? तरीबी आली. म्हंजे ही देवी न्हाई. मानेत कायतरी दाबतंय. मिरजेला न्या हिला."

"तुमी देव सोडला, म्हनून समद्यांनी सोडायचा?"

"सोडू नका की. देवी असंल तर मिरजेपत्तोर संगं येईलच. तिला काय तिकीट पडतंय?"

नानासो दुकानातून खोकला. हसू दाबायची त्याची ती रीत होती.

लीलाबाई गेल्यावर दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी मनुबाई भाकरी थापताना सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी जानार."

"आनि देवी गेली तर?"

"जाऊ दे की."

"जाऊ दे?" बयाबाईचा आवाज एकदम खाली आला. "मने, तुला कळत न्हाई. आज तुझ्या पाया पडत्यात. देवी गेली अन् हात बी आलं न्हाईत, तर ह्याच बाया तुला दारात हुबं करनार न्हाईत. मला ठावं हाय ते. मी तसं दिस काढल्यात."

मनुबाईला पहिल्यांदा कळलं की सासू देवीला का चिकटून बसली होती. ती हातातलं पीठ झाडत म्हणाली, "न्हाई करनार, तर न्हाई. पर मला माझं हात बघाया पायजेत. खोट्या देवीपरीस खरं लाकूड बरं."

बयाबाईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मी बी येनार."

रहिमतपूरला गाडी धरून तिघं मिरजेला उतरले. सुनेची मान हलू नये म्हणून बयाबाईनं वाटभर तिचं डोकं आपल्या खांद्यावर धरून ठेवलं होतं. टांगेवाल्याला ती दर खड्ड्याला शिव्या घालत होती.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर उंच, शेलाटे, बोलायला सावकाश. त्यांनी रबरी हातोडीनं गुडघ्यावर टिचकी मारली, तर मनुबाईचा पाय टुणकन उडाला आणि डॉक्टरांच्या मांडीलाच लागला.

"आगं बया! माफी करा सायेब. मी न्हाई मारली, त्योच उडाला."

"माहीत आहे," डॉक्टर हसले. "मान खाली घातली की झटका बसतो? आणखी काय होतं त्या वेळी?"

मनुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, आणि सगळं सांगून टाकलं. मंगळवार, गजर, घुमणं. मान गरागरा फिरवायचं सांगितल्यावर डॉक्टरांचा हसरा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"किती दिवस असं फिरवत होता?"

"शिमग्यापास्नं."

"आजपासून नाही. एकदाही नाही. आई, ऐकलंत?" त्यांनी बयाबाईकडं पाहिलं. "यांच्या मानेवर खरोखरच देवीची कृपा असली पाहिजे. नाहीतर इतकं फिरवून या चालत आल्या नसत्या."

बयाबाईनं पुढं होऊन सुनेच्या मानेमागं दोन्ही हात धरले.

मग तपासण्या झाल्या. पाठीत सुई घालून औषध सोडलं, आणि टेबल डोक्याकडं उतरतं केलं. ते औषध पाठीच्या कण्यातून मानेकडं वाहत गेलं आणि जिथं अडलं तिथं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती काचेसारखी काळी फिल्म उजेडाला धरली.

"हा मानेतला सगळ्यांत वरचा मणका. बाकीच्यांसारखा नसतो हा, कड्यासारखा गोल असतो. त्यातून मेंदूची मुख्य दोरी खाली जाते. हातापायांचे सगळे निरोप तिच्यातून. तुमचं हे कडं जन्मापासून लहान आहे. वय वाढलं तसं आणखी आवळलं. दोरी चेपली जातेय."

मनुबाई त्या फोटोकडं टक लावून बघत होती. "म्हंजी मापाचं न्हाई."

"अगदी तेच."

"मग आता?"

"कड्याची मागची कमान काढून टाकायची. दोरीला जागा मिळेल."

"अन् हात?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "खोटं सांगत नाही. गेलेलं सगळं परत येईल असं म्हणता येत नाही. ऑपरेशन नाही केलं, तर पुढं पाय जातील, मग श्वासही. केलं, तर निदान इथं थांबेल. हात थोडे येतील. कदाचित बरेच येतील. आणि मानेतलं ऑपरेशन आहे, त्यात धोका आहे. तोही आहे."

नानासो, जो परक्यांपुढं कधी चार शब्दांच्या पुढं जात नसे, उठून उभा राहिला. "डाक्टर, तुमी खरं बोलला. मला तेवढंच पायजे हुतं. करा."

ऑपरेशनच्या सकाळी नर्स आली. मानेमागचे केस काढायचे होते, ते काढले. मनुबाईनं डोळे मिटून घेतले, पण बोलली नाही. मग नर्स म्हणाली, "आता बांगड्या उतरवा."

वॉर्डातल्या बायकांनी माना वळवल्या. अख्ख्या जिल्ह्यात बांगड्या भरत फिरलेल्या बाईचे हात, नवरा दारात उभा असताना, रिकामे करायचे! नर्सनं हात पुढं केला, तशी मनुबाई दचकली. "फोडू नगासा. कुनीतरी काढा, पर फोडू नगासा." तिनं सासूकडं पाहिलं.

बयाबाई दोन पावलं मागं सरली. स्वतःचे उघडे हात तिनं पदराखाली घेतले. "माझ्या हातानं न्हाई. माझा हात लागाया नगं तुझ्या चुड्याला."

शेजारच्या खाटेवर आष्ट्याची रंगूबाई होती. उसाची गाडी पायावरून जाऊन तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. ती कोपरांवर उठून बसली. "मी काढतो की! माझा दादला चांगला धडधाकट हाय, चार मानसांचं जेवतुय. आना साबान." साबण आणला. रंगूबाईनं मनुबाईच्या हातावर फेस चढवला. "हात सैल सोड गं बाई. नवऱ्याच्या हातात देताना..."

मनुबाई रडता रडता हसली. "आगं, ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"आमच्या कासारनीचं बी ह्येच असतंय. तुमच्या साऱ्या जातीचं एकच वाक्य दिसतंय."

हिरव्या बांगड्या एकेक करून निसटल्या. एकही फुटली नाही. नानासोनं त्या रुमालात बांधून खिशात ठेवल्या, आणि ऑपरेशन चालू असेपर्यंत तो हात खिशातून काढला नाही.

शुद्धीवर आली तेव्हा मनुबाईच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या होत्या. तिचा पहिला शब्द "पानी" नव्हता. "पाय हाय का?" हा होता. डॉक्टरांनी तळपायावरून किल्ली ओढली. पाय आखडला. "आहे," ते म्हणाले. "आणि मला लाथ मारायच्या तयारीत आहे."

टाके काढल्यावर बऱ्याच दिवसांनी ते एका सकाळी पुन्हा खाटेशी आले. "मनुबाई, हनुवटी छातीकडं न्या. हळू. भिऊ नका."

ती भ्यालीच. वॉर्डातल्या बायका बघत होत्या, रंगूबाई कोपरांवर उठली होती. मनुबाईनं डोळे मिटले, मान खाली घातली, आणि थांबली. मग आणखी खाली घातली.

"न्हाई," ती म्हणाली. "काय सुदिक न्हाई."

"गेली?" बयाबाईनं विचारलं. सगळ्यांना वाटलं, आता ही देवीसाठी गळा काढणार. तिनं गळा काढला खरा, पण डॉक्टरांचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावून. डॉक्टर बिचारे वाकून उभे राहिले, कारण बाई हात सोडेनात.

औंधात परतल्यावर पहिल्याच मंगळवारी बायका ओसरीवर जमल्या. नारळ, भंडारा, कुणाची म्हैस, कुणाचं पोरगं. मनुबाई आत गळ्याला पट्टा लावून बसली होती, उठून काय सांगावं ते जुळवत होती. तेवढ्यात बयाबाई दारात जाऊन उभी राहिली.

"देवी देवळात हाय, तिकडं जावा. हितं कासाराचं दुकान हाय. बांगड्या घेयाच्या आसतील तर बसा."

"आनि मनुबाईच्या अंगात..."

"मनुबाईच्या अंगात मनुबाई हाय. लय कष्टानं परत आनलीया."

बायका नारळ घेऊन उठल्या. बांगड्यांना कुणी बसलं नाही. बयाबाई म्हणाली होती, तसंच झालं होतं.

लीलाबाई अधूनमधून येऊन हात बघून जायची. मनुबाई तिच्यापुढं हात जोडायला गेली की ती रागवायची. "हात जोडून काय हुतंय? हात चालवा. ज्वारी निवडा, पीठ मळा. बांगड्या भरा."

"भरू कुनाला? माझ्यापुढं हात कोन करनार?"

"मी करते की. माझ्या हातात फुटल्या तर फुटू द्या, मी शकुन मानत न्हाई." आणि सुटीच्या दिवशी ती खरंच मनगट पुढं करून बसायची. एक फुटली की पुढची हातात द्यायची. पण तिला सुटी असून असून किती असणार!

आता मनुबाईचा हात पुष्कळ परतला आहे. उजव्या हाताची दोन बोटं अजून हट्टी आहेत, पण बाकीची त्यांना सांभाळून घेतात. लग्नघरची बोलावणी पुन्हा सुरू झाली. दिवाळीला मिरजेला दवाखान्यात एक पेटी जाते, तिथल्या आयांना, झाडणाऱ्या बायांना, रंगूबाईसारख्या कुणी भेटतील त्यांना बांगड्या. "माझ्या गळ्याखाली जे काय चालतंय ते समदं त्या डाक्टरचं अन् लीलाबाईचं," ती कुणालाही सांगते. पण यातलं काहीच ठाऊक नव्हतं तेव्हाची, ऑपरेशननंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली एक दुपार सांगायची राहिली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मनुबाई आतल्या खोलीत ज्वारी निवडत होती आणि दाणे बोटांतून गळत होते. बयाबाई बांगड्यांची माळ घेऊन आली, दाराला कडी लावली आणि समोर बसली. मग पदराखालून हात काढून तिनं सुनेच्या मांडीवर ठेवला. वाळलेला, उघडा, तरुणपणापासून काच न बघितलेला.

"भर."

मनुबाईचा हात मागं गेला. "आत्याबाई! काय बोलताय? कुनी बघितलं तर?"

"म्हनून तर कडी घातली. लीलाबाई आठवड्यातनं एकदा येती. मी हितंच आसती. माझ्या हातात फुटली, तर काय वंगाळ व्हनार हाय? व्हायाचं ते कवाच हुन गेलंय. भर म्हनते ना."

मनुबाईनं तो हात उचलला. अंगठा दुमडला. म्हाताऱ्या हाडांची जुडी केली, तशी ती नेमकी कुठं आखडतेय हे तिच्या बोटांना अंधुक जाणवलं. पहिली बांगडी बसली. दुसरी बसली. तिसरी कट्कन फुटली.

"आयाई गं!" मनुबाई ओरडली.

"लागलं व्हय मला? न्हाई लागलं, चालू दे."

"तुमाला न्हाई, मला! काच टोचली. हितं. ह्या बोटात!" तिनं बोट डोळ्यांसमोर धरलं. त्यावर रक्ताचा टिपूस होता. "दुखतंय, आत्याबाई! आवं, लय दुखतंय!"

ओरडा ऐकून नानासो दुकानातून धावत आला. दार ढकललं, जुनी कडी निघाली, आणि तो उंबऱ्यातच थांबला. बायको बोट वर करून रडत हसत होती. आईच्या मनगटात दोन हिरव्या बांगड्या होत्या. बयाबाईनं झटकन हात पदराखाली ओढला.

नानासोनं दोघींकडं पाहिलं. मग काही न विचारता मागं सरला, दार ओढून घेतलं, आणि बाहेरून आवाज दिला.

"आय, म्या हितंच दारात बसलूय. कुनाला आत सोडत न्हाई. डावा हात ऱ्हायलाय का?"

आत बयाबाईनं पदराखालून डावा हात काढला. मग बांगड्या किणकिणल्या.